नव्या बेलिफासाठी: मराठवाड्यातल्या तालुका कोर्टातलं पहिलं वर्ष

बेलिफाची ऑर्डर हातात पडली की पहिला गैरसमज घरचेच करून घेतात. इंग्रजी सिनेमातला बेलीफ जजसाहेबांच्या शेजारी गणवेशात उभा असतो, तसाच आपलाही पोरगा उभा राहणार असं त्यांना वाटतं. आपल्याकडं पुकारा शिपाई करतो आणि आरोपीला पोलीस आणतात. बेलीफ कोर्टात कमी आणि एसटीत, मोटारसायकलवर, लोकांच्या ओट्यावर जास्त दिसतो. दिवाणी कोर्टाचा कागद माणसाच्या हातात नेऊन देणं आणि कोर्टानं दिलेला हुकूम जागेवर जाऊन अमलात आणणं, ही त्याची कामं. फौजदारी समन्स-वॉरंट बहुतेक करून पोलिसांमार्फत बजावलं जातं, त्यात सुरुवातीला डोकं घालू नका.

मी परभणी आणि बीड जिल्ह्यातल्या तालुका कोर्टांत ही नोकरी केली. कायदा म्हणाल तर दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८. त्यातला आदेश ५ समन्सचा आणि आदेश २१ दरखास्तीचा, म्हणजे कोर्टाचा हुकूमनामा अमलात आणण्याचा. या दोन्हींची झेरॉक्स बॅगेत ठेवा. गावात कुणीतरी शिकलेला भाचा भेटतोच, तो म्हणतो, "कुठं लिहिलंय दाखवा." तेव्हा उपयोगी पडते.

सकाळी नाझर शाखेत

बेलिफांना काम वाटून देणाऱ्या नाझरसाहेबांकडून कागद घेतले की सही करून लगेच बॅगेत कोंबू नका. तिथंच उभं राहून बघा: समन्सवर सही आणि कोर्टाचा शिक्का आहे का, प्रतिवादी जितके तितक्या प्रती आहेत का, आणि प्रत्येक समन्सला दाव्याची नक्कल जोडली आहे का. दाव्याची नक्कल नसलेलं समन्स अर्धवट असतं, आणि समोरचे वकील पहिली बोंब त्याचीच मारतात. तारीखही बघा. समन्स परवाच्या तारखेचं असेल तर ते बजावून काय उपयोग? माणसाला वकील गाठायला वेळ नको का? असा कागद तेव्हाच नाझरना दाखवायचा.

तुम्ही लिहिलेल्या तारखेला किती वजन असतं ते इथंच सांगतो. प्रतिवादीला कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, दाखल करायला समन्स बजावल्यापासून ३० दिवस असतात, कोर्टानं कारणं नोंदवून मुदत वाढवली तरी ९० पर्यंत. हे दिवस मोजायला सुरुवात होते तुमच्या अहवालातल्या तारखेपासून. १२ ला दिलं आणि अंदाजानं १० लिहिलं, तर तुम्ही एका माणसाचे दोन दिवस खाल्लेत.

मग रस्त्याप्रमाणं कागद लावा. एका वाटेवरची गावं एका दिवशी. त्या गावाचा आणि शेजारच्या गावांचा आठवडी बाजार कधी, हे माहीत पाहिजे. बाजाराच्या दिवशी अर्धं गाव बाहेर असतं. सोयाबीनची काढणी चालू असली तर सकाळी नऊनंतर घरात म्हातारी माणसं आणि शेळ्या, बाकी सगळे शिवारात. मी अशा दिवसांत सात वाजताच गाव गाठायचो.

काही कागद पक्षकार स्वतःच घेऊन जातो, त्याला हमदस्त म्हणतात. कोर्टानं परवानगी दिली असेल तर ती बजावणी त्याची जबाबदारी. तुमच्या नावावर ते काम चढू देऊ नका.

माणूस शोधणं

गावात शिरल्या शिरल्या पारावर उभं राहून नाव पुकारू नका. भावाभावांचा वाटणीचा दावा असतो, नवरा-बायकोचा असतो. तुम्ही नाव घेतलं की चहाच्या टपरीवर दुपारपर्यंत त्याची कथा झालेली असते. पोलीस पाटील, कोतवाल किंवा ग्रामपंचायतीचा शिपाई यांच्यापैकी कुणाला तरी बाजूला घेऊन घर विचारा. ओळख पटवणाऱ्याचं नाव-पत्ता नाहीतरी अहवालात लिहावाच लागतो.

नावाचा घोळ ठरलेला. एकाच गावात एकाच आडनावाचे तीन ज्ञानोबा भेटतात, आणि त्यातल्या दोघांच्या बापाचं नावही सारखं निघतं. अशा वेळी दाव्याची नक्कल उघडा, गट नंबर बघा, शेत कुठं आहे ते विचारा. माणूस चुकेल, शेत चुकत नाही. जुन्या कागदांवर मोमिनाबाद दिसलं तर ते अंबाजोगाई. औरंगाबाद, उस्मानाबाद ही नावं २०२३ पूर्वीच्या कागदांवर असणारच. लातूर-धाराशिवकडं बदली झाली तर आणखी एक ध्यानात ठेवा. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी परिसरातली कितीतरी गावं जुनी जागा सोडून नव्या ठिकाणी वसली. दाव्यात पत्ता जुन्या घराचा आणि माणूस राहतो नव्या गावात, असं होतं. जुन्या गावठाणातल्या पडक्या भिंतीवर कागद चिकटवून आलात तर ती बजावणी नव्हे. कायद्याला माणूस जिथं राहतो किंवा धंदा करतो ती जागा हवी आहे.

कागद शक्यतो खुद्द त्याच्याच हातात द्यायचा. त्यासाठी घरच पाहिजे असं नाही. मोंढ्यात आडतीवर भेटला तर तिथं द्या, बसस्टँडवर भेटला तर तिथं. सही घ्या. सही येत नसेल तर डाव्या अंगठ्याचा ठसा घ्या, शेजारी त्याचं नाव लिहा आणि ओळखणाऱ्याची सही घ्या.

तो घरी नसेल आणि लवकर येण्यासारखा नसेल, त्याच्या वतीनं समन्स घेणारा मुखत्यारही नसेल, तर त्याच्यासोबत राहणाऱ्या घरातल्या सज्ञान माणसाला देता येतं. बाई असली तरी चालते. १९७६ च्या दुरुस्तीआधी फक्त पुरुष चालायचा, म्हणून जुने लोक अजून "बाईला कसं दिलं?" असं विचारतात. त्यांना शांतपणे आदेश ५ चा नियम १५ दाखवा. सालगडी किंवा घरकामाची बाई मात्र कुटुंबात धरत नाहीत, त्यांच्या हातात देऊ नका. सोबत राहणारा हे शब्दही महत्त्वाचे आहेत. त्याच वाड्यात पण वेगळी चूल असलेला चुलत भाऊ त्यात बसत नाही.

कारखान्याला गेलेला माणूस

हा भाग मराठवाड्यातल्या, त्यातही बीड जिल्ह्यातल्या बेलिफानं नीट समजून घ्यावा, कारण पुस्तकात तो नाही. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या ट्रकात, ट्रॅक्टरवर बसून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, त्यामुळं मधेच परत येणं नाही. वस्तीवर, तांड्यावर उरतात आजी-आजोबा आणि शाळेतली पोरं.

डिसेंबरात अशाच एका वस्तीवर मी गेलो होतो. कुडाच्या भिंती, पत्र्याचं छप्पर, अंगणात एकच आजी लसूण सोलत बसलेली. "कारखान्याला गेलेत," ती म्हणाली. कोणत्या? "काय की बाबा, सांगलीकडं म्हन्ते." कधी येतील? "पाडव्याला." मी तिला समन्स दिलं, अंगठा घेतला. तिनं कागद पदरानं पुसला, घरात नेला आणि डाळीच्या डब्यात ठेवला. कायद्यानं बजावणी झाली. पण तारीख होती जानेवारीची आणि पोरगा येणार होता पाडव्याला.

अशा वेळी आजीला कागद देणं चूक नाही, पण "प्रतिवादीच्या आईस बजावले" एवढ्यावर थांबणं चूक आहे. तिनं काय सांगितलं ते तिच्या शब्दांत लिहा: मुलगा ऊसतोडीस गेला आहे, कुठं गेला हे तिला नक्की सांगता येत नाही, पाडव्याच्या सुमारास परतेल. शेजाऱ्याकडून मुकादमाचं नाव आणि मुलाचा मोबाइल नंबर मिळाला तर तोही लिहा. बजावणी मानायची, नवी तारीख द्यायची की दुसरा मार्ग धरायचा, हे जजसाहेब ठरवतील. त्यांना ठरवता यावं इतकं तुमच्या कागदात असलं पाहिजे.

दाराला कुलूप, आत कुणीच नाही, मुखत्यार नाही, कागद घेणारं दुसरं कुणी नाही, आणि पुरेशी खटपट करूनही माणूस सापडत नाही, तर नियम १७ प्रमाणं समन्स दारावर डकवायचं. माणूस समोर असून घ्यायला किंवा सही करायला नकार देतो तेव्हाही हेच. इथं नवे लोक हमखास फसतात. मोंढ्यात माणसानं "न्हाई घेत जा" म्हटलं की "घेण्यास नकार" असा शेरा मारून परत येतात. नकारानंतरही त्याच्या घरी किंवा दुकानी जाऊन प्रत डकवावीच लागते, नाहीतर बजावणी पुरी होत नाही. आणि पुरेशी खटपट म्हणजे एकदा जाऊन कुलूप बघून येणं नव्हे. मी वेगवेगळ्या वेळी किमान दोनदा जायचो, जमलं तर तीनदा.

सहा ओळींचा अहवाल

नोकरीच्या दुसऱ्या महिन्यात मी एक अहवाल लिहिला: "घर बंद. सबब डकवून परत." दावा एकतर्फी निकाली निघाला. दीड वर्षानं प्रतिवादी अर्ज घेऊन आला की मला समन्स मिळालंच नाही. मला पिंजऱ्यात बोलावलं. त्याच्या वकिलांनी आवाज न चढवता विचारलं, "दार कोणत्या तोंडाचं होतं?" आठवेना. "लाकडी की लोखंडी?" आठवेना. "घर कुणी दाखवलं?" त्याचंही नाव लिहिलेलं नव्हतं. हुकूमनामा रद्द झाला. वादी म्हातारा होता, बाहेर व्हरांड्यात माझ्याकडं बघून एक शब्द बोलला नाही. खरं तर मी त्या घरी गेलो होतो, कागदही लावला होता.

तेव्हापासून मी असं लिहायला लागलो:

"आज दि. १४ डिसेंबर रोजी सकाळी ११.२० वाजता मौजे मजकूर येथे प्रतिवादी क्र. २ यांचे राहते घरी गेलो. घर पोलीस पाटील यांनी दाखविले. घराचे पूर्वाभिमुख लोखंडी दारास कुलूप होते. यापूर्वी दि. ९ रोजी सायंकाळी ५ वाजता गेलो असता तीच स्थिती होती. शेजारी राहणारे इसमाने सांगितले की, प्रतिवादी सहकुटुंब बाहेरगावी असून महिनाभर परतणार नाहीत. समन्स व दाव्याची नक्कल दाराचे उजवे फळीवर खालील पंचांसमक्ष डकविली."

खाली पंचांची नावं, पत्ते, सह्या. हे घरी येऊन लिहायचं नाही, दारासमोर उभं राहून लिहायचं. अहवाल शपथेवर असतो. तो शपथेवर नसेल तर कोर्टाला तुमची तपासणी घ्यावीच लागते, आणि असला तरी कोर्ट बोलावू शकतं.

आता फोनवर बजावणीची नोंद करायला एनस्टेपचं ॲप आलंय. त्यात जागेचं लोकेशन, फोटो, स्क्रीनवरची सही नोंदवता येते. बालाघाटच्या डोंगरात रेंज जाते, ती आल्यावर माहिती चढवा. पण ॲपमुळं कागदावरचं लिहिणं ढिलं पडू देऊ नका. फोटोत कुलूप दिसतं, शेजाऱ्यानं काय सांगितलं ते दिसत नाही.

जप्ती

पैशाच्या हुकूमनाम्यात जंगम मालाची जप्ती निघते. निघण्याआधी वॉरंटवर ते कोणत्या तारखेपर्यंत बजावायचं आहे ते बघा. मुदत उलटली की हात लावायचा नाही, कारण लिहून कागद परत करायचा.

घरात शिरण्याचे नियम कडक आहेत. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी राहत्या घरात पाऊल टाकायचं नाही. बाहेरचं दार तोडता येतं ते फक्त ऋणकोच्या, म्हणजे ज्याच्याकडून पैसे वसूल करायचे त्याच्या, स्वतःच्या ताब्यातल्या घराचं, आणि तेही तो आत येऊ देत नसेल तरच. एकदा रीतसर आत गेल्यावर ज्या खोलीत माल आहे असं सकारण वाटतं तिचं दार उघडता येतं. खोलीत रिवाजानं लोकांसमोर न येणारी बाई असेल तर तिला आधी सांगून बाहेर पडायला वेळ आणि वाट द्यायची.

काय घ्यायचं नाही हे कलम ६० मध्ये आहे: अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माच्या रिवाजानं बाईच्या अंगावरून उतरत नाहीत ते दागिने. म्हणजे मंगळसूत्राकडं बघायचंसुद्धा नाही. कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची औतं-अवजारं, त्याच्या पोटापाण्याला लागणारी जनावरं आणि बियाणं यांनाही हात लावायचा नाही. दरखास्तदार सोबत असतो, तो कानात सांगतो, "बैलजोडी घ्या, मग बघा कसा पैसा काढतो." त्याला ६० दाखवा. गुरं किंवा हलवायला अवघड अशा वस्तू जप्त झाल्याच, तर त्या गावातच एखाद्या भल्या माणसाच्या ताब्यात सुपूर्दनाम्यावर ठेवता येतात. उभं पीक जप्त करायचं तर वॉरंटची एक प्रत शेतात लावायची आणि दुसरी त्याच्या घराच्या दारावर.

पंचनाम्यात "जुना टीव्ही एक" असं लिहू नका. कंपनी, रंग, फुटलेला कोपरा, चालू की बंद, सगळं लिहा. परत देताना हाच कागद तुम्हाला वाचवतो.

ऋणकोनं तिथंच रोख रक्कम काढली तर नोटा पंचांसमोर मोजा, लगेच पावती द्या, आणि ती रक्कम एक रात्रसुद्धा स्वतःकडं रेंगाळू देऊ नका.

सरकारी कार्यालयातली जप्ती हा आमच्याकडचा खास प्रकार. धरणं, कालवे, रस्ते यांच्या भूसंपादनाचा वाढीव मावेजा, म्हणजे भरपाई, वर्षानुवर्षं थकतो, शेतकरी दरखास्त लावतो, आणि एक दिवस बेलीफ मोठ्या साहेबांच्या दालनात खुर्ची आणि गाडीचं वॉरंट घेऊन उभा राहतो. दारात पेपरवाले, मागं वीस शेतकरी. तिथं हिरो व्हायचं नाही आणि दबूनही जायचं नाही. वॉरंट दाखवा, आवक शिक्का घ्या, साहेबांना म्हणणं मांडू द्या, ते लिहून घ्या. बहुतेक वेळा मुदतीसाठी धावपळ सुरू होते. पण स्थगितीचा हुकूम तुमच्या हातात पडेपर्यंत नुसत्या फोनवर "कोर्टानं थांबवलंय" असं कुणी सांगितलं म्हणून परत फिरू नका. खात्री करायची तर आपल्या कोर्टात फोन लावा.

ताबा

या नोकरीतलं सगळ्यात जड काम हेच.

शेताचा ताबा द्यायचा तर आधी चतुःसीमा जुळवा. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळं जुन्या खरेदीखतातून उतरलेल्या चतुःसीमा कधी उर्दूत असतात: मशरिक म्हणजे पूर्व, मगरिब पश्चिम, शुमाल उत्तर, जुनूब दक्षिण. त्यात जुना सर्व्हे नंबर आणि आताचा गट नंबर वेगळा. पूर्वेला ज्याचं नाव लिहिलंय तो वारून वीस वर्षं झालेली असतात, शेत नातवानं विकलेलं असतं. मेळ बसला नाही तर अंदाजानं बांध दाखवू नका. मोजणी तुमचं काम नव्हे. मिळकतीची ओळख पटली नाही असं लिहून परत या, पुढं भूमी अभिलेखचा भूकरमापक नेमायचा का ते कोर्ट बघेल. सारा भरणाऱ्या शेतजमिनीचं वाटप करून देण्याचं काम तर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होतं, ते वॉरंट चुकून तुमच्याकडं आलं तर विचारून घ्या.

शेतात कूळ असेल आणि हुकूमनाम्यानं त्याला हलवता येत नसेल, तर कागदी ताबा असतो: वॉरंटची प्रत ठळक जागी लावायची आणि दवंडी द्यायची. कायद्यात ढोल वाजवून किंवा रिवाजाप्रमाणं जाहीर करा असं आहे. आमच्याकडं डफडंवाला मिळायचा. त्याचं नाव आणि सही घ्यायला विसरू नका.

घराचा ताबा देताना घाई करू नका. एका ठिकाणी मी अकरा वाजता पोचलो. घरातल्या बाईनं चुलीवर भाकरी टाकली होती. दरखास्तदार मजूर आणि कुलूपवाला घेऊन आलेला, त्याला दर तासाचे पैसे पडत होते, तो म्हणाला, "साहेब, सुरू करा." मी म्हणालो, "भाकरी होऊ द्या." पोरं जेवली, भांडी घासून झाली, मग तिनंच एकेक वस्तू बाहेर काढायला सुरुवात केली. सगळ्यात शेवटी तुळशीचा डबा उचलला. यादी झाली, कुलूप बदललं, ताबापावती झाली. तीन तास गेले, आवाज कुणाचा चढला नाही. दुसऱ्या एका घरात मी दहा मिनिटांत सामान बाहेर काढायला लावलं होतं, तिथं दगड पडले.

विरोध झाला तर झटापट करायची नाही. कोण आडवा आला, काय म्हणाला, हातात काय होतं ते लिहा आणि परत या. दरखास्तदार आदेश २१ च्या नियम ९७ खाली अर्ज करेल, पोलीस बंदोबस्तही कोर्टाकडूनच मागेल. तुम्ही लोकसेवक आहात. कामात अडथळा आणणं भारतीय न्याय संहितेच्या कलम २२१ खाली आणि अंगावर धावून येणं कलम १३२ खाली गुन्हा आहे. पण ही कलमं तिथं ओरडून सांगायची नसतात. अहवालात लिहा आणि नाझरना लगेच कळवा.

अटक वॉरंट आता कमीच निघतं, म्हणून थोडक्यात. पैशाच्या हुकूमनाम्यात बाईला अटक नाही. रात्री घरात शिरणं नाही. माणसानं हुकूमनाम्याची रक्कम आणि अटकेचा खर्च तुमच्या हातात दिला तर त्याला जागच्या जागी सोडायचं. नाही दिला तर थेट तुरुंगात न्यायचं नसतं, आधी कोर्टापुढं हजर करायचं.

चहा, गाडी, पाकीट

दरखास्तदार गाडी पाठवतो, हॉटेलात जेवू घालतो, जाताना खिशात काहीतरी सरकवतो. मजूर, कुलूपवाला, सामानाची गाडी हा खर्च त्यानं करायचा असतो, तेवढं ठीक. तुमचा प्रवास कोर्टात भरलेल्या भत्त्यातून होतो. ज्या माणसाचं घर रिकामं करायचं त्याच्या दारात तुम्ही समोरच्याच्या गाडीतून उतरलात, तर तिथून पुढं तुमचा एकही शब्द तो खरा मानत नाही. मी डबा घरून न्यायचो. पाकिटाबद्दल एवढंच सांगतो की लाचलुचपतवाल्यांचा १०६४ नंबर आता गावागावात माहीत आहे, आणि सापळ्यात सापडलेला बेलीफ मी पाहिला आहे. रक्कम फार मोठी नव्हती.

आणि एक वही ठेवा. गावाप्रमाणं पानं करा: कोणत्या रस्त्यानं जायचं, पावसाळ्यात कोणत्या ओढ्याला पाणी येतं, शेवटची एसटी किती वाजता, बाजार कधी, कोणती वस्ती कारखान्याला जाते, कोणत्या गल्लीत सारख्या नावाची माणसं आहेत, कोण पंच म्हणून खुशीनं उभा राहतो. माझी वही दोनशे पानी होती. बदली झाली तेव्हा नवीन आलेल्या पोराला ती दिली, तर त्यानं पहिल्यांदा विचारलं, "यात कुत्रं चावरं कुठं आहे ते लिहिलंय का?" लिहिलेलं होतं, लाल पेनानं.